आझे-ल-रिदोमधलं मूळ किती आणि नंतरचं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "फ्रान्सच्या लोआर खोऱ्यात चार-पाच शाटो पाहिले. आझे-ल-रिदो सगळ्यात आवडला. पण बाहेर पडताना गाईड म्हणाला, हा कोपऱ्यातला बुरूज १९व्या शतकातला आणि भोवतीचं पाणी तर १९५०च्या दशकातलं. मला फसल्यासारखं झालं. मूळ नक्की किती उरलंय? शिवाय बुरूज आहेत, पाणी आहे, मग हा किल्ला म्हणायचा की राजवाडा?"

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. दुसरा सोपा आहे. पहिला तुम्ही "किती टक्के मूळ" असा विचारलाय आणि तिथेच घोटाळा होतो. टक्के काढायला बसलात तर उत्तर कधीच सापडणार नाही, कारण ही वास्तू एकदाही पूर्ण झालेली नव्हती. जी कधी पुरी झालीच नाही तिचं मूळ रूप कुठलं धरणार? म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेतो: आज दिसतंय त्यातला कुठला थर कोणी चढवला, आणि तो आपल्याला कसा ओळखता येईल?

आधी माझी बाजू सांगतो. जुन्या दगड-चुन्याच्या इमारतींची दुरुस्ती हा माझा बावीस वर्षांचा धंदा, बहुतेक काम पुणे, सातारा आणि कोकणात. मधले आठ महिने तूर शहराजवळ एका दगडकामाच्या कार्यशाळेत शिकायला होतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी सायकल काढून आझेला जायचो. तिथल्या कामावर मी नव्हतो. तेव्हा हे उत्तर एका कारागिराच्या नजरेचं आहे, इतिहासकाराचं नाही. कुठला थर ठेवायचा आणि कुठला काढायचा यावर माझी मतं आहेत, पण ती प्रत्येक इमारतीगणिक बदलतात, हेही आधीच कबूल करतो.

किल्ला की राजवाडा? फ्रेंच 'शाटो' या एकाच शब्दात आपले किल्ला, गढी, वाडा आणि राजवाडा हे सगळे मावतात. लढाऊ असेल तर ते त्याला 'शाटो-फोर' म्हणतात. आझेच्या जागी आधी खरोखरच तसं ठाणं होतं. तूरहून शिनाँला जाणारा रस्ता इथे आंद्र नदी ओलांडतो, तो उतार राखायला. नावातला 'रिदो' हा पडदा नव्हे, बरं का. १२व्या शतकातल्या रिदेल नावाच्या सरदाराची ती आठवण आहे. १४१८ साली पुढे सातवा चार्ल्स म्हणून गादीवर आलेला युवराज इथून जात असताना त्याच्या विरोधातल्या बर्गंडी गटाच्या शिबंदीने त्याची टिंगल केली. त्याने ठाणं घेतलं, शिबंदी कापून काढली आणि गाव जाळलं. त्यानंतर बराच काळ या गावाला लोक 'जळकं आझे' म्हणत.

त्या जळक्या जागेवर १५१८ साली झील बर्थलोने बांधकाम काढलं. हा माणूस सरदार घराण्यातला नव्हे, राजाच्या खजिन्यातला अधिकारी आणि तूरचा नगराध्यक्ष. आपल्या भाषेत सांगायचं तर फडणिशीतून पैसा केलेला. बर्थलो कामानिमित्त बाहेर, म्हणून बांधकामावर देखरेख त्याच्या बायकोची. तिचं नाव फिलीप लेस्बाही. हो, नाव फिलीप आणि बाई. मीही पहिल्यांदा वाचताना अडखळलो होतो. आझेची जमीन तिच्याच माहेराकडून आलेली होती.

आता छताच्या खाली, भिंतीच्या माथ्यावरून फिरणारी ती पुढे आलेली पट्टी आठवा. दगडी घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे काढलेल्या आधाराच्या दगडांवर, तोललेली. खऱ्या किल्ल्यात अशा घोड्यांच्या मधे भोकं ठेवतात, त्यातून खालच्या शत्रूवर दगड टाकायचे. आझेला तीच पट्टी निव्वळ नक्षी झाली आहे, आणि तिच्या वर उजेड घ्यायला खिडक्या आहेत. कोपऱ्यावरचे लटकते बुरूज इतके नाजूक की दोन माणसं आत उभी राहिली तर एकमेकांच्या पायावर पाय. तोफा आल्यानंतर असल्या उंच पातळ भिंतींचा लढाईत काही उपयोग उरला नव्हता, आणि बांधणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. मग बुरूज कशाला? कारण बुरूज म्हणजे सरदारकी. नव्या पैशाच्या माणसाला जुन्या घराण्याचा थाट हवा होता. आपल्याकडे वाड्याच्या दिंडी दरवाजावर लोखंडी अणकुच्या ठोकतात. हत्ती येणार नाहीये हे मालकालाही माहीत असतं, पण दरवाजा तसा दिसला पाहिजे.

तर तो किल्ल्याची आठवण अंगावर घेतलेला वाडा आहे. तुमचा सोपा प्रश्न संपला.

मला स्वतःला आझेत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो जिना. त्याआधी फ्रान्समधल्या बड्या घरांत गोल मळसूत्री जिना असायचा, बहुधा इमारतीबाहेर काढलेल्या बुरुजात. ब्लुआच्या राजवाड्यात त्याच सुमारास पहिल्या फ्रान्स्वा राजाने बांधवलेला जिना असाच आहे, अष्टकोनी आणि अंगणात पुढे आलेला. आझेचा जिना मात्र इमारतीच्या पोटात आहे आणि सरळ आहे: एक सरळ चढण, मग वळण, मग उलट दिशेने दुसरी सरळ चढण. ही इटलीची रीत, फ्रान्समध्ये तेव्हा अगदी नवी. अंगणाच्या बाजूला प्रत्येक टप्प्यावर जोड-कमानींचे उघडे झरोके आहेत, त्यामुळे जिना आत असूनही दर्शनी भागावर त्याचाच मान. कमानी मात्र नीट बघा. रचना इटालियन आहे, पण कोरीवकामातला अंगभर भरगच्चपणा जुन्या फ्रेंच गॉथिक वळणाचा, कारागिरांच्या हातातून तो अजून सुटलेला नाही. दोन पिढ्या एकाच भिंतीवर काम करतायत असं वाटतं.

तिथेच सॅलॅमँडर कोरलेला आहे, आगीत न जळणारा सरड्यासारखा प्राणी. ते फ्रान्स्वा राजाचं चिन्ह. शेजारी अर्मिन म्हणजे पांढऱ्या लोकरीचा मुंगसासारखा प्राणी, ते राणी क्लोदचं. राणी १५२४ साली वारली, त्यामुळे निदान ही कल्पना तिच्या हयातीतली असावी असं धरायला हरकत नाही. बर्थलोने राजाराणीची चिन्हं दारावर मिरवली ती मर्जी राखायला. उपयोग झाला नाही. १५२७ साली राजाने खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या सांब्लांसेला फासावर दिलं. तो बर्थलोचा नातलग. हिशेबाची तपासणी आपल्यापर्यंत येणार हे ओळखून बर्थलो पळाला, परत आलाच नाही आणि परागंदा असतानाच मेला. राजाने आझे जप्त केलं आणि १५३५ साली आपल्या अंगरक्षकांच्या नायकाला, आंत्वान राफँला देऊन टाकलं.

तो पळाला तेव्हा चौकाच्या चार बाजूंपैकी दक्षिण आणि पश्चिम एवढ्याच झाल्या होत्या. आज सगळे ज्याचं कौतुक करतात तो काटकोनी आकार कुणी आखलेला नाही. तो अर्धवट सोडलेला चौसोपी वाडा आहे. अंगण बाहेरच्या बागेकडे उघडं राहिलं, म्हणून उजेड आत येतो, म्हणून फोटो सुंदर येतात. माझ्या एका शिक्षकांचं म्हणणं होतं की बर्थलोने पैसे खाल्ले नसते तर आझे इतकं देखणं झालं नसतं. खाल्ले होते की नाही हे मला ठाऊक नाही, पण बाकी बरोबर आहे.

आता दगडाकडे येतो, कारण मूळ आणि नंतरचं ओळखायची माझी रीत तिथून सुरू होते. त्या भागातला पांढरा चुनखडीचा दगड म्हणजे त्युफो. आझेसाठी तो शेर नदीकाठच्या सँतेन्याँ परिसरातून सुमारे १०० किलोमीटर होड्यांतून आणला, त्यातल्या त्यात टिकाऊ म्हणून तो नावाजलेला होता. त्युफो समजायचा तर जांभा डोळ्यांपुढे आणा. रंग सोडा, स्वभाव तोच: खाणीतून ताजा काढला की ओला आणि मऊ, हवेत ठेवला की वरून घट्ट होत जातो. कार्यशाळेत पहिल्याच दिवशी माझ्या हातात लाकूडकापी वाटावी अशी दातेरी करवत दिली आणि मी एका तासात एक चिरा कापला. काळ्या पाषाणावर वाढलेल्या माणसाला हे जवळजवळ लाजिरवाणं वाटतं.

पण त्युफो भयंकर सच्छिद्र. आकारमानाच्या ४० टक्क्यांहून जास्त पोकळी असू शकते, त्यामुळे पाणी पितो आणि सोडतो. सोडायला वाट मिळाली तर शतकानुशतकं टिकतो. वाट अडली की पृष्ठभागापासून दोनेक सेंटिमीटर आत क्षार साठतात आणि पापुद्रा सुटतो. उस्ताद मला बोटाच्या पेराने भिंत वाजवायला लावायचे. चांगला चिरा 'टक' म्हणतो, सुटलेला 'ढब' म्हणतो. वरून दोन्ही सारखेच पांढरे. एकदा मी वाजवत वाजवत खडूने खुणा केल्या, तर सगळ्या खुणा एका रेषेत आल्या: विसाव्या शतकात कुणीतरी सांध्यांत सिमेंट भरलं होतं, त्याच्या बरोबर कडेने. सिमेंट ठणठणीत होतं. शेजारचे चिरे मेले होते. पुढे इकडे परतल्यावर एका वाड्याच्या कामात मालकांनी पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून चुन्याऐवजी सिमेंटच्या दर्जा (सांध्यांतला भराव) भरून घेतल्या आणि मी जोर लावून नाही म्हटलं नाही. तिसऱ्या वर्षी विटा पिठासारख्या गळायला लागल्या. तेव्हापासून या एका बाबतीत मी भांडखोर झालोय.

हे सांगायचं कारण असं की असल्या इमारतीत दर्शनी चिरे बदलत राहणं हाच तिचा मूळ स्वभाव आहे. सडलेला भाग चौकोनी कोरून काढायचा, त्याच जातीच्या दगडाचं ठिगळ बसवायचं, चुन्याने सांधायचं. आज तुम्ही ज्या भिंतीला हात लावलात तिच्यातले कित्येक चिरे बर्थलोच्या काळचे नसणार. आराखडा, भिंतीची जाडी, मजल्यांची उंची आणि खिडक्यांच्या रांगा मात्र त्याच्याच.

खाली पायात काय आहे ते दिसत नाही. बेट दलदलीचं, म्हणून ओकच्या खांबांवर इमारत उभी केली आहे. लाकूड पाण्यात कुजेल असं आपल्याला वाटतं, पण पूर्ण बुडलेल्या लाकडाला हवा मिळत नाही आणि कुजवणारी बुरशी हवेवाचून जगत नाही. धोका पाणी वाढण्याचा कमी, उतरण्याचा जास्त. खांबांची डोकी एकदा उघडी पडून ओली-सुकी व्हायला लागली की संपलं. त्यामुळे असल्या वास्तूभोवतीच्या पाण्याची पातळी राखणं ही पायाचीही काळजी असते, केवळ शोभेची नव्हे.

तरीही गाईडने तुम्हाला खरं तेच सांगितलं. नदी पहिल्यापासून होती, पण इमारत उलटी दिसावी असा रुंद, संथ आरसा १९५०च्या दशकात केला. तुम्ही काढलेल्या फोटोचा खालचा अर्धा भाग तुमच्या आजोबांच्या वयाचाही नाही, एवढं मान्य करून टाका.

इथपर्यंतचा हिशेब मांडतो. जागा आणि नाव मध्ययुगातलं. आराखडा, जिना आणि छपराचा थाट १५१८ नंतरच्या दहाएक वर्षांतला. काटकोनी आकार पळापळीतून झालेला. चिरे सतत बदलते. पाण्याचा आरसा ताजा. राहिला तुमचा बुरूज.

१७९१ साली, म्हणजे ऐन क्रांतीत, शार्ल द ब्यँकूर या मार्कीने (सरदारकीचा एक किताब) आझे विकत घेतलं आणि पुढे शंभरेक वर्षं ते त्याच्या घराण्याकडे राहिलं. १८२४ साली त्याने तळमजल्यावर चिनी पद्धतीचा दिवाणखाना सजवला. तो १८६०च्या दशकात गेला, आज नाही. त्याच्या मुलाने जिन्याभोवतीचं झिजलेलं कोरीवकाम दुरुस्त केलं, आणि क्रांतीच्या काळात झाकून टाकलेली राजचिन्हं पुन्हा उघडी केली. म्हणजे तुम्ही पाहिलेला सॅलॅमँडर कल्पनेने १६व्या शतकातला, पण त्याच्या अंगावर १९व्या शतकाचीही छिन्नी फिरलेली. मग १८४५ च्या सुमारास त्याने ईशान्य कोपऱ्यावर नवा बुरूज बांधला आणि त्यासाठी जुन्या ठाण्याचा शेवटचा उरलेला भाग पाडला.

मला राग कसला यायचा तर या पाडण्याचा येतो, नव्या बुरुजाचा नाही. १४१८ ची आग पाहिलेल्या ठाण्याचा तो अखेरचा साक्षीदार होता, आणि केवळ समतोल दिसावा म्हणून तो गेला. पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या डोळ्यांपुढे एक अर्धवट सोडलेलं, एका बाजूला जाडजूड ओबडधोबड बुरूज चिकटलेलं घर होतं. त्याला बर्थलोने सोडलेलं वाक्य पुरं करायचं होतं. काम त्याने फार सफाईने केलं, इतकं की तुम्हाला सांगेपर्यंत कळलं नाही. उलट पिएरफाँ बघा, पॅरिसच्या ईशान्येला. १६१७ पासून पडीक असलेला तो किल्ला तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने १८५७ पासून व्हिओले-ल-द्युक या वास्तुकाराने जवळजवळ नव्याने उभा केला. तिथे अवशेष कुठे संपतात आणि स्वप्न कुठे सुरू होतं, ते समोर उभं राहून सांगता येत नाही. आझेचा बुरूज त्या मानाने अगदी लाजाळू आहे.

मग तो बुरूज काढून टाकावा का? असं विचारणारे भेटतात, म्हणून लोआर खोऱ्यातल्याच शनाँसो या शाटोची गोष्ट सांगतो. मूळ घर तोमा बोहिए आणि कात्रीन ब्रिसॉने यांनी १५१३ नंतर बांधलं. नदीवरचा पूल दुसऱ्या हेन्री राजाची प्रेयसी दियान द प्वातिए हिच्यासाठी १५५६ ते १५५९ मध्ये झाला, आणि पुलावरचा ६० मीटर लांब सज्जा त्याच राजाची राणी कातरीन द मेदिसी हिने नंतर चढवला. पूल आणि सज्जा वगळला तर शनाँसोला कोण जाणार? तेही 'नंतरचं'च आहे. फक्त जुनं झाल्यामुळे आपण त्याला मूळ समजतो. १८६४ साली ते मादाम पलूझ या बाईंनी घेतलं आणि कातरीनआधीचं रूप परत आणायचं म्हणून दर्शनी भिंतीवरच्या स्त्री-मूर्तींचे खांब काढून घेतले. त्या मूर्ती आज बागेत उभ्या आहेत, भिंतीवाचून. मूळच्या मागे लागून नंतरचं खरवडलं की असं होतं. म्हणून माझा कल साधारण असा: नंतरचा थर दगडाला इजा करत असेल तर काढा, सिमेंटसारखा. नसेल तर राहू द्या, फक्त त्याची तारीख लपवू नका. अपवाद निघतात. धोकादायक छप्पर, नुसता खर्च, खाली दडलेली भित्तिचित्रं, अशा वेळी मी उलटंही बोललोय.

१९०५ साली आझे फ्रेंच सरकारने घेतलं. २०१४ ते २०१७ मध्ये मोठं काम झालं, छपरापासून बागेपर्यंत. आतल्या खोल्यांबद्दल एवढंच सांगतो की फर्निचर बघून हळहळू नका. ते सरकारकडे येण्याआधीच बरंचसं विकलं गेलं होतं आणि आजचं नंतर जुळवलेलं आहे. पण फिलीप लेस्बाहीच्या खोलीत भिंतींना छतापर्यंत विणलेल्या लव्हाळ्याच्या चटया आहेत. नव्या विणलेल्या, जुन्या रीतीच्या. मी हात लावू नये तिथे हळूच लावला. मागचा दगड गार, चटई कोमट. थंडीत ओल सुटणाऱ्या त्युफोला १६व्या शतकातल्या बाईने काय उत्तर शोधलं होतं, ते तिथे तळहाताला कळतं. हे नवं आहे म्हणून खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माळ्यावर जाऊ देत असतील तर नक्की जा. ओकच्या लाकडी सांगाड्याइतकी प्रामाणिक गोष्ट तिथे दुसरी नाही. अशा छपरांत सुतार जमिनीवर जुळणी करून प्रत्येक तुकड्यावर रोमन आकडे खाचवायचे आणि वर नेऊन आकड्याला आकडा लावायचे. टॉर्च आडवा धरला की खाचा दिसतात. बाहेरून स्लेट बघताना तुकडे खिळ्याने ठोकलेत की खाली छोटा धातूचा हुक दिसतोय ते पाहा. हुकाची पद्धत १९व्या शतकातली.

आणि बुरुजापाशी उभे राहाल तेव्हा तो मुख्य भिंतीला मिळतो ती उभी रेषा शोधा. सकाळचं तिरकं ऊन बरं पडतं. १९व्या शतकातल्या चिऱ्यांच्या कडा बहुधा जास्त सरळ, नक्षीची पुनरावृत्ती जास्त काटेकोर. १६व्या शतकातल्या दोन पानांत दोन हात दिसतात, नंतरच्या दोन पानांत एकच साचा. तुमच्या फोटोंमध्ये त्या सांध्याचा जवळून घेतलेला एखादा असेल तर इथे टाका, बघून सांगतो कुठला चिरा कुणाचा वाटतो ते.